पट्ट्या बरोबर पडतात, तरी वाजवणं सपाट का वाटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं पियानो शिकताय, नोटेशन नीट वाचता येतं, चुका फारशा होत नाहीत, कागदावर छापलेली डायनॅमिक्सची, म्हणजे हळू-जोरात वाजवण्याची, चिन्हंही पाळता. सध्या बीथोव्हनच्या पाथेटिक सोनाटाचा मधला, संथ भाग हातात आहे. शिक्षक म्हणतात, ‘सगळं बरोबर आहे, पण यांत्रिक वाटतं.’ रेकॉर्डिंग ऐकलं की तुम्हालाही ते पटतं. ‘वाजवत असताना मात्र आतून खूप काही वाटत असतं,’ असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, हे शिकता येतं की उपजतच असावं लागतं?

आतून वाटत असतं, पण रेकॉर्डिंगमध्ये सापडत नाही, या एका वाक्यात तुमची सगळी अडचण आली. भावना कमी पडत असती तर वाजवतानाही काही वाटलं नसतं. वाजवताना तुम्ही जे ऐकता ते मनातलं गाणं असतं, पियानोतून निघालेला आवाज नसतो. डोळे कागदावर, लक्ष बोटांवर, कान मनातल्या गाण्यावर. बाहेरचा आवाज ऐकायला कुणी मोकळंच नाही. म्हणून मी तुमचा प्रश्न ‘भाव कसा आणावा’ असा न घेता ‘वाजवता वाजवता स्वतःला कसं ऐकावं’ असा घेते. आणि ते शिकता येतं. काहींना लवकर जमतं, काहींना वेळ लागतो, एवढाच फरक.

आधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगते. तुम्ही तुमच्या आवाक्याच्या वरची रचना वाजवत असाल, तर यातलं काहीच लागू होणार नाही. पुढची पट्टी शोधण्यात मन गुंतलेलं असताना कान काम करत नाहीत. दुसरं, वाद्य. स्वस्त, हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर हळू आणि मोठा यांच्यामधल्या छटा मुळात निघतच नसतील, तर दोष तुमचा नाही. वजनदार पट्ट्यांचा बरा डिजिटल पियानो असेल तर खाली सांगितलेलं बहुतेक सगळं करता येतं. तिसरं, तुमचे शिक्षक ‘यांत्रिक’ म्हणतात तेव्हा त्यांना लय ताठ वाटते, की आवाजाला चढउतार नाही, की मेलडी बाकीच्या स्वरांत बुडते? ही तीन वेगळी दुखणी आहेत. तुम्ही चुका होत नाहीत म्हणता आणि चिन्हं पाळता म्हणता, त्यावरून माझा अंदाज शेवटच्या दोन दुखण्यांचा आहे.

आता थोडं वाद्याबद्दल, कारण पियानोवर भाव कुठे राहतो हे समजलं की कशाकडे कान द्यायचा तेही कळतं. पट्टी साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तार येण्याच्या थोडं आधीच तारेवर आदळणारी हातोडी यंत्रणेपासून सुटते आणि उरलेलं अंतर एकटीच जाते. हातातून सुटलेल्या चेंडूला वाटेत वळवता येत नाही, तसंच हे. हातोडीचा वेग ठरला की त्या स्वराचं भवितव्य ठरलं. नंतर पट्टी कितीही आर्ततेने दाबा, मनगट हलवा, डोळे मिटा, त्या स्वरात काही बदलत नाही. तो लगेच विरायला लागतो, आणि तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात: तो किती वेळ धरून ठेवायचा आणि पेडल (स्वर लांबवणारी पायाखालची दांडी) कधी सोडायचं.

गायकाला किंवा व्हायोलिनवाल्याला एका स्वराच्या पोटात चढउतार करता येतो. मींड घेता येते, स्वर हळूच लावून मग भरता येतो. आपल्याला यातलं काहीही नाही. म्हणजे पियानोवरचा सगळा भाव दोन स्वरांच्या नात्यात असतो. हा स्वर कितपत विरलाय आणि त्यावर पुढचा किती वजनाने येतोय? ही मेलडी खालच्या कॉर्डपेक्षा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांपेक्षा) किती वर आहे? पुढचा स्वर अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा आला का? एकट्या स्वरात भाव ओतायला गेलं की चेहऱ्यावर बराच भाव येतो, पियानोत येत नाही. (मंचावर भुवया फार बोलत असतील तर मी डोळे मिटून ऐकते. बऱ्याचदा उलगडा तिथेच होतो.)

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला रियाज देते तो विरण्याचा. मधल्या सप्तकातला एक स्वर मध्यम जोराने वाजवा, पट्टी धरून ठेवा आणि तो पूर्ण संपेपर्यंत ऐका. बहुतेक लोक तो संपायच्या कितीतरी आधी ऐकणं सोडून देतात. सुरुवातीला आवाज झपाट्याने उतरतो, मग एक बारीक शेपटी बराच वेळ रेंगाळते, हे लक्षात येईल. आता वरच्या सप्तकात तेच करा. स्वर फार लवकर संपतो. खर्जात करा, खूप वेळ टिकतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण वाजवताना कानाने मोजलेलं नसतं.

मग दुसरा टप्पा. एक स्वर वाजवा, तो अर्धा विरू द्या, आणि पुढचा स्वर त्या विरलेल्या पातळीवर वाजवा. पहिल्या स्वराच्या मूळ जोरावर नव्हे, आत्ता जेवढा आवाज उरलाय त्याच्या जोडीला. दोन स्वरांमधला सांधा ऐकू आला नाही, म्हणजे जमलं. पियानोवरचा लेगाटो, म्हणजे स्वर जोडून वाजवणं, तो हाच. बोटांनी पट्ट्या जोडून वाजवल्या तरी दुसरा स्वर उसळून वर आला तर कानाला तुटल्यासारखंच वाटतं. उलट, जोर नीट जुळला तर मध्ये बोट क्षणभर उचललं गेलं तरी, पेडल साथीला असेल तर, ओळ अखंड वाटते.

याला एक उत्तम रचना म्हणजे शोपॅं या संगीतकाराचं ई मायनर प्रेल्यूड (छोटी स्वतंत्र रचना), ओपस 28 मधलं चौथं. ते 1839 साली छापलं गेलं, फक्त 25 बारचं (बार म्हणजे कागदावर उभ्या रेषांमधला ठोक्यांचा एक गट) आहे आणि बोटांना सोपं आहे. उजव्या हातात बी हा लांब स्वर, मग एक सी, मग पुन्हा बी, असं बराच वेळ चालतं. बी तीन ठोके धरलेला, चौथ्या ठोक्यावर सी. तो सी तुम्ही बीच्या सुरुवातीच्या जोराने वाजवला की धक्का बसतो, कारण तोवर बी खूप उतरलेला असतो. दर बारला असा धक्का बसला की ऐकणारा म्हणणार, ‘यांत्रिक.’ तुम्हाला वाजवताना मात्र सगळे स्वर ‘सारखेच’ वाजवल्यासारखे वाटतात, आणि घोळ तिथेच आहे. पियानोवर सारख्या जोराने वाजवलेले लांब-आखूड स्वर सारखे ऐकू येत नाहीत.

त्याच प्रेल्यूडचा डावा हात तर कानासाठी शाळाच आहे. सारख्या आठव्या, म्हणजे अर्ध्या ठोक्याच्या, स्वरांत कॉर्ड वाजत राहतात आणि बहुतेक वेळा त्यातला एखादा किंवा दोन स्वर अर्ध्या स्वराने खाली सरकतात, बाकीचे जागेवर. उजवा हात बाजूला ठेवा. नुसता डावा हात, अगदी हळू. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणतं बोट हललं हे बोटावरून न ओळखता आवाजावरून ओळखायचं. सरकलेला स्वर मनात गुणगुणा, मग शक्य झालं तर तोंडाने. हे जमेपर्यंत उजवा हात लावूच नका. एकदा ही घसरण ऐकू यायला लागली की वरच्या लांब बीचं वजन आपोआप बदलतं, कारण त्याच्याखालची जमीन दर वेळी वेगळी असते. आणि शेवटचे तीन कॉर्ड येण्याआधी एक थांबलेली शांतता आहे. तिथे मोजू नका. खोलीतला आवाज खरंच संपला का ते ऐका, मगच पुढे जा.

तोंडाने गाणं हा भाग बहुतेकांना नकोसा असतो. आवाज चांगला नाही, लाज वाटते वगैरे. पण माझ्या अनुभवात याच्याइतकं झटपट काम करणारं दुसरं काही नाही. गाताना श्वास कुठे घेता ते बघा. जिथे नैसर्गिकपणे श्वास घेतला तिथे फ्रेज (सुरांचं एक वाक्य) संपली, आणि जिथे श्वास न तोडता पोहोचावंसं वाटलं तो बहुधा तिचा सर्वांत जड स्वर. पियानोला श्वास लागत नाही, म्हणूनच पियानोवाले धाप न लागता चार-चार फ्रेज एका दमात ओढून नेतात आणि ऐकणाऱ्याचा जीव गुदमरतो. शोपॅं स्वतः शिष्यांना ऑपेरातले गायक ऐकायला सांगत असे. त्याच्या आधी शंभरहून अधिक वर्षं, 1723 मध्ये, बाख या संगीतकारानेही आपल्या दोन आणि तीन आवाजांच्या छोट्या रचनांच्या प्रस्तावनेत गायकी ढंगाने वाजवता येणं हा मुख्य हेतू सांगितला होता. आणि त्या काळी तर पियानो नव्यानेच जन्माला आलेला होता.

बाखच्या त्या दोन आवाजांच्या रचना हाताशी असतील तर एक आवाज वाजवा आणि दुसरा गा. मग उलट. दोन-चार बार पुरेत. सुरुवातीला भलतंच अवघड वाटेल. पण एका वेळी दोन ओळी ऐकायची सवय त्याशिवाय लागत नाही.

फ्रेजला आकार देताना जोर कुठे वाढवायचा, यावर कागदावरची चिन्हं फारच अपुरी असतात. ‘पियानो’ (म्हणजे हळू) लिहिलंय म्हणून आठही बार एकाच हळू आवाजात वाजवायचे नसतात. त्या हळूच्या आतही बऱ्याच पायऱ्या असतात. तुम्ही चिन्हं पाळूनही सपाट वाटतं याचं हे एक कारण असणार. एक जुना नियम मला आजही उपयोगी पडतो. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल याने 1753 च्या आपल्या ग्रंथात लिहिलं आहे की सर्वसाधारणपणे विसंवादी स्वर जोरात आणि संवादी हळू वाजवावेत. ताण जड, सुटका हलकी. याला अपवाद पुष्कळ आहेत, पण नियम न लावता वाजवण्यापेक्षा नियम लावून मग एखाद्या जागी तो मुद्दाम मोडणं केव्हाही बरं. त्यासाठी अर्थातच ताण कुठे आहे हे आधी ऐकू यायला हवं.

आता तुमच्या रचनेकडे येते. सोनाटाचा हा भाग ए फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि वर लिहिलंय ‘आदाजो कांताबिले’, म्हणजे संथ आणि गाता ढंग. पहिल्या आठ बारमध्ये तीन थर आहेत: वर मेलडी, खाली बास, आणि मध्ये सतत वाहणारे सोळावे स्वर (एका ठोक्यात चार). अडचण अशी की मेलडी उजव्या हाताच्या दुबळ्या बाजूला, चौथ्या-पाचव्या बोटाकडे आहे, आणि मधले स्वर त्याच हाताच्या जड बाजूला, अंगठा आणि दुसऱ्या बोटाकडे. हात स्वतःच्या मर्जीवर सोडला की अंगठा जिंकतो. मनात तुम्ही मेलडी ऐकत असता, म्हणून ती दबलेली तुम्हाला कळत नाही. रेकॉर्डरला मनातलं ऐकू येत नाही.

माझा उपाय असा. बास सोडून द्या. मेलडी उजव्या हाताने आणि मधले स्वर डाव्या हाताने वाजवा. दोन हातांत वाटल्यावर मेलडी वर ठेवणं एकदम सोपं होतं. तो आवाज चार-पाचदा नीट ऐका, लक्षात ठेवा. हे तुमचं लक्ष्य. आता तेच दोन्ही थर एकट्या उजव्या हाताने वाजवा आणि आत्ता ऐकलेल्या आवाजाशी ताडून बघा. बोटांना सूचना देऊ नका, कानाला विचारा. मधले स्वर इतके हळू वाजवा की एखादा लागलाच नाही तरी चालेल. ती भीती गेल्याशिवाय मधला थर खाली जात नाही. मग बास आणा, पण मेलडी आणि बास एवढंच. मधला थर पुन्हा काढून. मेलडी आणि बास एकमेकांना ऐकतात असं वाटलं पाहिजे. शेवटी तिन्ही.

नुसती मेलडी वाजवताना विरण्याचा रियाज आठवा. सी, बी फ्लॅट, मग वर ई फ्लॅट, तिथून डी फ्लॅट आणि परत सी. ई फ्लॅट लांब आहे. त्याच्यावरून डी फ्लॅटवर उतरताना डी फ्लॅट उरलेल्या आवाजावर ठेवायचा. बहुतेकांचा तिथेच ठोका पडतो.

नवव्या बारपासून तीच मेलडी एक सप्तक वर येते आणि खालचा भाग अधिक भरीव होतो. इथे कान नसेल तर फसगत ठरलेली. वरचे स्वर लवकर विरतात आणि खाली गर्दी वाढलेली असते, म्हणून पहिल्या वेळच्याच प्रमाणात वाजवलं तर मेलडी अशक्त वाटते. मग माणूस सगळंच जोरात वाजवतो आणि गाण्याचं भाषण होतं. करायचं एवढंच की मेलडीला थोडं जास्त वजन द्यायचं आणि मधल्या थराला आणखी मागे सारायचं.

पेडलबद्दल एकच: पाय कानाच्या ताब्यात द्या, कागदाच्या नाही. नवी कॉर्ड वाजल्यावर पेडल बदलायचं, आधी नाही, हे तुम्हाला माहीत असेल. पण किती खोल, किती लवकर, हे खोलीवर आणि पियानोवर ठरतं. घरी नीट वाटलेलं पेडल मोठ्या हॉलमध्ये चिखल करतं. एक दिवस पेडल न वापरता सराव करा. बोटांनी लेगाटो किती टिकतो ते कळेल, आणि पेडलमागे काय काय लपत होतं तेही.

लयीबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं, कारण ‘भावपूर्ण’ वाजवायला सांगितलं की लोक सर्वांत आधी तिला हात घालतात. प्रत्येक फ्रेजच्या शेवटी हळू होणं म्हणजे भाव नव्हे, ती सवय आहे, आणि तिसऱ्या वेळेपासून ऐकणाऱ्याला तिचा अंदाज येतो. शोपॅंच्या शिष्यांनी नोंदवून ठेवलंय की त्याच्या मते डाव्या हाताने लय धरायची आणि उजव्याने मोकळं व्हायचं. हे करून बघा: डावा हात मेट्रोनोमबरोबर (ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर), मेलडी हवी तशी किंचित पुढेमागे. तुमच्या भागात मधले सोळावे स्वर हेच काम करतात, ते हलले की सगळंच डोलायला लागतं. जिथे थोडं थांबायचंच आहे तिथे स्वतःला विचारा, कशासाठी? सूर लांब उडी घेतोय म्हणून, की अनपेक्षित कॉर्ड येतेय म्हणून? उत्तर नसेल तर थांबू नका.

इथपर्यंतचं सगळं एकाच सवयीकडे येतं: स्वर वाजवल्यावर त्याच्यामागे कान ठेवायचा, आणि पुढचा वाजवण्याआधी तो कसा हवा ते मनात ऐकायचं. या दोन्ही गोष्टी एका वेळी सुरुवातीला जमत नाहीत. म्हणून एका बैठकीत एकच धरा. आज फक्त सांधे ऐकतोय. उद्या फक्त बास. सगळं ऐकायचं ठरवलं की काहीच ऐकलं जात नाही.

रेकॉर्डिंग तुम्ही करताच आहात, फक्त पद्धत थोडी बदला. वाजवून झाल्यावर लगेच ऐकू नका. आधी कागदावर लिहा: कुठे चांगलं झालं, कुठे मेलडी दबली, कुठे घाई झाली असं वाटतंय. मग दुसऱ्या दिवशी ऐका आणि ताडून बघा. तुम्ही लिहिलेलं आणि ऐकलेलं यांच्यात जेवढं अंतर, तेवढी अजून वाजवतानाची ऐकण्याची कसर. माझ्या शिष्यांमध्ये हे अंतर कमी होताना दिसलं की वाजवणंही सुधारलेलं असतं, बहुधा त्यांच्या लक्षात येण्याआधीच.

मोठ्या वादकांची रेकॉर्डिंग ऐकावीत का, असंही तुम्ही विचारलंय. जरूर, पण स्वतः थोडं ठरवल्यानंतर. आधी ऐकलं की नक्कल होते, आणि नक्कल करणारा त्या वादकाचे निर्णय घेतो, कारणं घेत नाही. एकाच भागाची तीन वेगळी रेकॉर्डिंग घ्या आणि फक्त नवव्या बारला प्रत्येकजण काय करतो तेवढं ऐका. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी केलेल्या आढळतील, आणि त्यातली एखादी तुम्हाला आवडणार नाही. का आवडली नाही हे सांगता आलं तर तुमचं स्वतःचं मत तयार व्हायला लागलंय.

वेळेचं म्हणाल तर, रोजच्या सरावातली पहिली दहा-पंधरा मिनिटं या कामाला द्या, बोटं आणि डोकं ताजं असताना. थकलेला कान लबाडी करतो. पहिले आठ बार एवढ्यावरच थांबा, पुढचा भाग नेहमीसारखा चालू ठेवा. दोनेक आठवड्यांनी ते आठ बार शिक्षकांना ऐकवा. त्यांनी पुन्हा ‘यांत्रिक’ म्हटलं तर वाईट वाटून न घेता विचारा, ‘कोणत्या बारमध्ये, आणि कोणत्या थरात?’ चांगला शिक्षक पियानोपाशी येऊन तेवढी जागा वाजवून दाखवेल. ती तिथल्या तिथे तुम्ही स्वतः वाजवा, दोन्हींचं रेकॉर्डिंग करा, आणि पुढच्या आठवड्यात तेवढ्याच जागेवर बसा.